डिफरन्शियल लॉक

डिफरन्शियल लॉक ही मोटारवाहनाच्या एकाच अ‍ॅक्सलवरील डाव्या व उजव्या चाकांना सारख्याच वेगाने फिरावयास लावणारी यांत्रिक योजना होय. एरवी ही दोन चाके डिफरन्शियल या गिअरसंचामुळे वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. डांबरी रस्त्यावर ही मुभा अत्यावश्यक असते. परंतु चिखल, ओढ्यातील गोटे, वाळू किंवा उभा खडकाळ चढ अशा ठिकाणी तीच वाहनाला जागच्या जागी खिळवून ठेवते. एक चाक हवेत गरगरत राहते, दुसरे घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही आणि वाहन अडकते. हा दोष तात्पुरता वा कायमचा दूर करण्यासाठी डिफरन्शियल ‘बंद’ करण्याच्या अनेक पद्धती गेल्या शतकात विकसित झाल्या. त्यांतील कोणती पद्धत मागील अ‍ॅक्सलसाठी निवडावी, हा रस्त्याबाहेरील वाहनचालनातील एक मूलभूत प्रश्न आहे. ही निवड चुकल्यास त्याचे परिणाम रानातील वाटेपेक्षा पावसाळ्यातील ओल्या घाटरस्त्यावर अधिक गंभीर होऊ शकतात.

संज्ञा

शास्त्रीय मराठी लेखनात डिफरन्शियलसाठी ‘विभेदी गिअर’ किंवा ‘विभेदी दंतचक्र’ अशा संज्ञा आढळतात. व्यवहारात मात्र ‘डिफरन्शियल’ हाच शब्द रूढ असून गॅरेजमध्ये ‘क्राउन-पिनियन’ आणि ‘हाउसिंग’ हे शब्द अधिक ऐकू येतात. ‘लॉक’ या शब्दाला ‘कुलूप’ हा प्रतिशब्द सुचवला जात असला तरी तो येथे नेमका बसत नाही. कुलूप वस्तू बंद ठेवते. डिफरन्शियल लॉक दोन वस्तूंना एकमेकींशी जखडते. ‘जखडण’ हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ जातो, पण तो प्रचारात नाही. म्हणून या लेखात ‘लॉक’ हीच संज्ञा वापरली आहे. ज्या डिफरन्शियलला कोणतेही लॉक नसते त्यास ‘खुले डिफरन्शियल’ म्हटले आहे.

खुल्या डिफरन्शियलचे कार्य

वाहन वळताना बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असलेले वाहन काटकोनात वळले, तर बाहेरील चाक आतील चाकापेक्षा सुमारे २.३६ मीटर अधिक चालते. हा फरक वळण किती मोठे वा लहान आहे यावर अवलंबून नसतो. तो केवळ चाकांमधील अंतर आणि वळणाचा कोन यांवर ठरतो. ७५ सेंटीमीटर व्यासाच्या टायरचा परीघ जवळपास एवढाच भरतो. म्हणजेच प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरील चाकाला एक पूर्ण फेरा जास्त घ्यावा लागतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जोडलेली असतील, तर हा एक फेरा टायर घासून वा दांड्याला पीळ देऊन भरून काढावा लागेल.

यावर उपाय म्हणून फ्रान्समधील घड्याळजी ओनेझिफोर पेकर याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल योजिले. आजच्या मोटारींतील रचना तत्त्वतः तीच आहे. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला, पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला आणि क्राउन व्हील एका पोकळ पेटीला फिरवते. या पेटीत आडव्या पिनेवर बसवलेले लहान गिअर (स्पायडर गिअर) असतात आणि ते दोन्ही बाजूंच्या साइड गिअरमध्ये गुंतलेले असतात. साइड गिअर अ‍ॅक्सल शाफ्टमार्फत चाकांना जोडलेले असतात. वाहन सरळ जाताना स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत. संपूर्ण संच एकजीव होऊन फिरतो. वळणावर ते स्वतःभोवती फिरू लागतात आणि एका चाकाचा वेग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो.

स्पायडर गिअर हे तराजूच्या दांडीसारखे असतात. दांडीच्या दोन्ही टोकांवर सारखाच भार असावा लागतो, त्याचप्रमाणे खुले डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क (परिवलन-बल) देते. ‘खुले डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देते’ असे विधान वारंवार केले जाते. ते यंत्रशास्त्रदृष्ट्या नेमके नाही. घसरणारे चाक फारसा टॉर्क घेऊ शकत नाही, आणि समानतेच्या बंधनामुळे पक्क्या जमिनीवरील चाकालाही तेवढाच अल्प टॉर्क मिळतो. खरी अडचण या समानतेत आहे.

लॉकमुळे होणारा फरक

समजा, मागील डावे चाक चिखलात असून ते घसरण्यापूर्वी २०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलू शकते, तर उजवे चाक कोरड्या खडकावर असून ते १,५०० न्यूटन-मीटर पेलू शकते. अंतर्गत घर्षण सोडून दिल्यास खुल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना प्रत्येकी २०० म्हणजे एकूण ४०० न्यूटन-मीटर मिळतात. पूर्ण लॉक केल्यास डाव्या चाकाला २०० आणि उजव्याला १,५०० असे एकूण १,७०० न्यूटन-मीटर जमिनीपर्यंत पोहोचू शकतात. अर्थात इंजिन आणि गिअर तेवढा टॉर्क देऊ शकत असतील तर. डावे चाक पूर्णपणे हवेत असेल, तर खुल्या डिफरन्शियलमध्ये एकूण टॉर्क जवळपास शून्य होतो. लॉकमध्ये १,५०० कायम राहतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लॉक केलेले डिफरन्शियल टॉर्क निम्मा-निम्मा वाटत नाही. ते केवळ वेग समान ठेवते आणि टॉर्क ज्या चाकाला पकड असेल तिकडे आपोआप जातो. दुसरी गोष्ट अशी की, एखाद्या क्षणी अ‍ॅक्सलवरील सगळा टॉर्क एकाच शाफ्टमधून जाऊ शकतो. मूळ रचनेत त्या शाफ्टने निम्माच भार वाहावा अशी अपेक्षा असते. लॉक बसवल्यानंतर अ‍ॅक्सल शाफ्ट तुटण्याच्या घटना घडतात त्या यामुळेच.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनालाही ही अडचण येते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पुढील व मागील शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये जखडलेले असले, तरी दोन्ही अ‍ॅक्सलवरील डिफरन्शियल खुलीच असतात. खड्ड्यांच्या वाटेवर पुढील डावे आणि मागील उजवे अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील चाके उचलली गेली, की ती दोन्ही फिरत राहतात आणि वाहन थांबते. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपची दोन्ही डिफरन्शियल खुली होती, आणि याच जीपच्या जुळणीपासून महिंद्रा कंपनीने भारतात मोटार-उत्पादनास आरंभ केला. अशा स्थितीत केवळ मागील डिफरन्शियल लॉक केले, तरी जमिनीवर टेकलेले मागील चाक वाहनाला बाहेर ढकलू शकते.

लॉक करण्याच्या पद्धती

कायमची जोडणी

सर्वांत साधी व स्वस्त पद्धत म्हणजे डिफरन्शियल कायमचे नाहीसे करणे. यासाठी गिअरांच्या जागी ‘स्पूल’ नावाचा अखंड ठोकळा बसवतात किंवा स्पायडर व साइड गिअर वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवतात. शर्यतीच्या आणि केवळ खडकांवर चालवायच्या गाड्यांत स्पूल वापरले जाते. त्यात तुटण्यासारखे भाग कमी असतात हा त्याचा खरा गुण. रस्त्यावर मात्र प्रत्येक वळणावर एक टायर घासत जातो, स्टीयरिंग जड होते आणि वाहन वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. वेल्डिंगचा प्रकार तर आणखी बेभरवशाचा आहे. गिअरांचे पोलाद उष्णतेने ठिसूळ होते. वेल्ड सुटून तुकडा क्राउन-पिनियनमध्ये अडकल्यास धावत्या वाहनाची मागील चाके एकाएकी जाम होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या कोणत्याही वाहनासाठी ही पद्धत विचारात घेण्याजोगी नाही.

स्वयंचलित लॉक

या प्रकारात स्पायडर गिअर नसतात. मध्यभागी एक दातेरी चकती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंस स्प्रिंगने दाबलेल्या, चाकांना जोडलेल्या दातेरी चकत्या असतात. सरळ जाताना हे दाते गुंतलेले असल्याने अ‍ॅक्सल पूर्ण लॉक असतो. वळताना बाहेरील चाक पुढे धावू लागले की त्याच्या चकतीचे दाते सुटतात आणि ते चाक मोकळे फिरते. म्हणजेच वळणावर शक्ती केवळ आतील चाकाला मिळते. ‘डेट्रॉइट लॉकर’ हे या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध नाव असून सध्या ते ईटन कंपनीचे उत्पादन आहे. याच तत्त्वावरील छोटे संच मूळ पेटी न बदलता केवळ आतील गिअर काढून बसवता येतात. जेवणाच्या डब्यासारखे सहज आत ठेवता येत असल्याने त्यांना ‘लंचबॉक्स लॉकर’ असे गमतीचे नाव मिळाले आहे.

स्वयंचलित लॉकला तार, नळी वा बटण लागत नाही. चालकाने काहीही न करता ते सदैव तयार असते. त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. वळणावर दाते सुटताना टकटक असा आवाज येतो, आणि वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला वा अचानक दाबला की दाते झटक्याने गुंततात किंवा सुटतात आणि वाहनाची दिशा किंचित बदलते. लांब चाकतळाच्या जड वाहनात हा धक्का केवळ जाणवतो. आखूड चाकतळाच्या हलक्या जीपमध्ये, ओल्या घाटातील वळणावर, तोच धक्का मागील भाग बाहेर फेकण्यास पुरेसा ठरू शकतो.

चालकाने लावायचे लॉक

या प्रकारात डिफरन्शियल एरवी पूर्ण खुले असते आणि चालकाच्या आज्ञेनुसार ते पूर्ण लॉक होते. आतील युक्ती सुटसुटीत आहे. दोहोंपैकी एकच साइड गिअर पेटीला जखडला, की स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरू शकत नाहीत. परिणामी दुसरा साइड गिअरही आपोआप जखडला जातो. हे जखडण्याचे काम एक सरकती दातेरी कडी करते. ती सरकवण्यासाठी हवा, वीज, निर्वात किंवा साधी तार यांपैकी काहीही वापरता येते.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकचे नाव ऑस्ट्रेलियातील एआरबी या कंपनीशी जोडले गेले आहे. या कंपनीने १९८७ मध्ये ‘रॉबर्ट्स डिफ-लॉक’ ही रचना विकत घेतली आणि पुढे ती ‘एअर लॉकर’ या नावाने जगभर नेली. यासाठी वाहनात लहान कंप्रेसर बसवावा लागतो. त्याच कंप्रेसरने टायरमध्ये हवा भरता येते, हा वाळूत चालवणाऱ्यांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. उणी बाजू म्हणजे हवेची नळी, तिचे जोड आणि रबरी सील. नळी दगडाला घासून फाटली वा सील झिजले की लॉक लागत नाही, आणि हवा अ‍ॅक्सलच्या तेलात शिरल्यास तेल श्वासनळीवाटे बाहेर फेकले जाते.

विद्युत-लॉकमध्ये हेच काम विद्युतचुंबक किंवा लहान मोटर करते. नळ्यांची कटकट नसल्याने मोटार-उत्पादकांनी कारखान्यातच बसवलेले लॉक हल्ली बहुधा या प्रकारचे असते. तारेने ओढायचे लॉक ही जुनी रचना असली, तरी तिच्यात बिघडण्यासारखे थोडे आणि रानात दुरुस्त करण्यासारखे बरेच असते.

या सर्व रचनांचा एक मोठा गुण क्वचितच सांगितला जातो. बहुतेक वेळा त्या बिघडल्या तर खुल्या अवस्थेत राहतात. बिघाड झालेल्या वाहनाने घरी परतताना साध्या मोटारीसारखे वळता येणे ही लहान गोष्ट नाही.

स्वतःहून लागणारे यांत्रिक लॉक

ईटनने विकसित केलेली ही रचना १९७३ पासून जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत वापरात आली. तिच्या पेटीत एक लहानसा वजनदार गव्हर्नर असतो. दोन चाकांच्या वेगांत मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांहून अधिक फरक पडला, की गव्हर्नरची वजने बाहेर उघडतात, एका खिट्टीला अडतात आणि त्यामुळे उताराची कॅम-चकती क्लच-चकत्यांवर दाब देऊन डिफरन्शियल लॉक करते. वाहनाचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वर असल्यास दुसरे वजन खिट्टीला दूर सारते आणि लॉक लागत नाही. सामान्य वळणावर दोन चाकांच्या वेगांतील फरक एवढा मोठा नसल्याने रस्त्यावर हे डिफरन्शियल खुल्यासारखेच वागते.

चालकाला काहीच करावे लागत नाही हा त्याचा गुण, आणि चालकाला काहीच करता येत नाही हा दोष. लॉक लागण्याआधी चाक घसरावेच लागते. खडकाळ कड्यावर त्या अर्ध्या क्षणाच्या घसरणीने वाहन सरकू शकते. लॉक लागताना ‘धाड्’ असा आवाज होतो आणि नवख्या चालकाला काहीतरी मोडले असे वाटून तो अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. मग लॉकही सुटते. पाय स्थिर ठेवून चाकाला फिरू देणे, ही सवय या प्रकारासाठी आवश्यक आहे.

मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल

यास काटेकोर अर्थाने लॉक म्हणता येत नाही, पण निवडीच्या चर्चेत ते हमखास येते. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शक्तिमान शर्यती गाड्यांसाठी जर्मनीतील झेडएफ कंपनीकडून असे डिफरन्शियल करवून घेतले. क्लच-चकत्यांच्या प्रकारात घर्षणाने दोन चाकांमधील फरक आवरला जातो. चकत्या झिजतात आणि त्यासाठी तेलात घर्षण-नियामक द्रव्य घालावे लागते. व्हर्नन ग्लीसमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘टॉर्सन’ रचनेत मळसूत्री गिअरांचे आपसांतील घर्षणच हे काम करते. ती शांत व टिकाऊ असून अमेरिकी सैन्याच्या हमव्हीसह अनेक वाहनांत वापरली गेली.

टॉर्सन कमी पकडीच्या चाकाला मिळणारा टॉर्क एका ठरावीक पटीने दुसऱ्या चाकाला देते. ही पट ३ धरल्यास वरील उदाहरणात २०० आणि ६०० असे एकूण ८०० न्यूटन-मीटर मिळतात. खुल्याच्या दुप्पट, पण पूर्ण लॉकच्या निम्म्याहून कमी. चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच राहते. अशा वेळी ब्रेक हलका दाबून हवेतील चाकाला कृत्रिम भार द्यावा लागतो. ही युक्ती उपयोगी असली तरी चढावर एकाच वेळी ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणे सरावाचे काम आहे.

ब्रेकवर आधारित इलेक्ट्रॉनिक प्रणाली

आधुनिक वाहनांत संगणक घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक स्वतःहून दाबतो आणि त्यामुळे दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो. तत्त्व वरीलप्रमाणेच. विक्रीपत्रकांत यासही ‘लॉकिंग डिफरन्शियल’ म्हटले जाते. ग्राहकाने येथे सावध असावे, कारण आत कोणतीही गोष्ट जखडली जात नाही. लांब चढावर ब्रेक तापतात आणि इंजिनाच्या शक्तीचा काही भाग ब्रेकमध्येच जिरतो. हौशी वापरासाठी मात्र ही प्रणाली बहुधा पुरेशी असते.

आधी मागील का

एकच लॉक बसवायचे असेल तर ते मागे बसवण्याची प्रथा आहे. उभ्या चढावर वाहनाचे वजन मागील चाकांवर सरकते, म्हणून गरजेच्या वेळी पकड तेथेच अधिक असते. मागील अ‍ॅक्सल सामान्यतः अधिक भक्कम असतो; पुढील अ‍ॅक्सलमध्ये चाके वळवण्यासाठी सांधे असतात आणि चाक वळलेल्या अवस्थेत पूर्ण टॉर्क आल्यास ते सांधे प्रथम तुटतात. शिवाय पुढील लॉक लावल्यावर स्टीयरिंग जवळजवळ निरुपयोगी होते, तर मागील लॉकमध्ये वळण मोठे होते इतकेच.

याला अपवाद आडव्या उताराचा. डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना मागील लॉक लावलेले असल्यास दोन्ही मागील चाके एकदम घसरू शकतात. खुल्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरत असताना दुसरे न फिरता वाहनाला बाजूने धरून ठेवते. लॉकमध्ये हा आधार जातो आणि शेपटी उताराकडे सरकते. निसरड्या आडव्या उतारावर लॉक काढून टाकणेच श्रेयस्कर.

निवड करताना

पहिला विचार वाहन रोज काय काम करते याचा. जे वाहन वर्षातील तीनशेहून अधिक दिवस रस्त्यावर, त्यातही घाटात आणि पावसात चालते, त्याला स्वयंचलित लॉक किंवा स्पूल योग्य नाही, मग ते कितीही स्वस्त असो. अशा वाहनासाठी चालकाने लावायचे लॉक सर्वोत्तम. खर्च परवडत नसल्यास स्वतःहून लागणारे यांत्रिक लॉक. ट्रेलरवर लादून नेले जाणारे आणि केवळ खडकांवर उतरवले जाणारे वाहन असेल, तर हा क्रम उलटाही होऊ शकतो.

त्यानंतर अ‍ॅक्सलची ताकद पाहावी लागते. मोठे टायर बसवलेल्या वाहनात शाफ्टवरील भार आधीच वाढलेला असतो. त्यात लॉकची भर पडली की शाफ्ट हा सर्वांत कमकुवत दुवा ठरतो. फुल-फ्लोटिंग रचनेत चाकाचे वजन हब पेलते, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंग रचनेत शाफ्टच चाकाला धरून ठेवतो. त्यांतील ज्या प्रकारात शाफ्ट आतील बाजूस केवळ एका खाचकडीने अडवलेला असतो, त्यात तुटलेल्या शाफ्टसह चाक बाहेर निघून येऊ शकते. लॉकच्या किमतीत चांगल्या शाफ्टची किंमत मिळवूनच अंदाज काढावा, असे जाणकार मेकॅनिक सांगतात ते यासाठी.

लॉक खरेदी करताना क्राउन-पिनियनचे गुणोत्तर आणि शाफ्टच्या टोकावरील खाचांची संख्या जुळते का, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तरापलीकडे पेटीची जाडी बदलते आणि एकाच नावाचे लॉक बसत नाही. पूर्ण पेटी बदलावी लागणाऱ्या लॉकमध्ये बेअरिंगचा पूर्वदाब, क्राउन व पिनियनमधील मोकळीक आणि दातांवरील स्पर्शखूण हे सर्व शिम लावून नव्याने जुळवावे लागते. हे कौशल्याचे काम आहे. ते चुकल्यास महागडे लॉक काही हजार किलोमीटरांतच क्राउन-पिनियनचा घास घेते, आणि वाढता हुंकार हे त्याचे पहिले लक्षण असते. लंचबॉक्स लॉकरला ही जुळवणी लागत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे हेच कारण आहे.

एबीएस किंवा इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण असलेल्या वाहनात बाहेरून लॉक बसवल्यास हा संगणक गोंधळू शकतो, कारण त्याची सर्व गणिते चाकांच्या वेगांतील फरकावर चालतात. कारखान्यात बसवलेले लॉक लागताच स्थिरता-नियंत्रण बंद पडते वा बदलते, अशी व्यवस्था केलेली असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत, आणि उत्पादकाची हमीही अशा बदलाने धोक्यात येऊ शकते. पैसे देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विक्रेत्याकडे चौकशी करणे हितावह.

लॉक हवेच का, हा प्रश्नही विचारावयास हवा. टायरमधील हवा ३० ते ३५ पीएसआयवरून १५ ते २० पर्यंत उतरवली, तर वाळूत आणि गोट्यांवर जो फरक पडतो तो पाहून अनेकांचा लॉकचा बेत रद्द होतो. चांगल्या खाचांचे टायर, लो-रेंज गिअर आणि सोबत दुसरे वाहन ही त्रयी असल्याशिवाय लॉकवर खर्च करणे घाईचे ठरते. लॉक असलेले वाहन अडकते तेव्हा ते अधिक खोल आणि अधिक दूर जाऊन अडकते.

वापर

चालकाने लावायचे लॉक अडथळ्यापूर्वीच, वाहन थांबलेले वा चालण्याच्या वेगात असताना, चाके सरळ ठेवून लावावे. एक चाक जोरात फिरत असताना बटण दाबल्यास दातेरी कडी धक्क्याने गुंतते आणि दाते उडतात. कडी लगेच गुंतेलच असे नाही. दाते समोरासमोर येण्यासाठी वाहन एखाद-दुसरा फूट हलावे लागते, म्हणून फलकावरील दिवा स्थिर पेटल्याची खात्री करावी. अडथळा ओलांडताच लॉक काढावे. काढल्यावरही अ‍ॅक्सलमध्ये पीळ शिल्लक असल्यास कडी अडकून राहते. वाहन थोडे मागे घेऊन स्टीयरिंग डावी-उजवीकडे हलवल्यास ती सुटते. कोरड्या पक्क्या रस्त्यावर लॉक लावून वळणे सर्वथा टाळावे.

तेलाची काळजी साध्या अ‍ॅक्सलपेक्षा अधिक घ्यावी लागते. ओढ्यातून गेल्यावर श्वासनळीतून पाणी आत शिरते आणि तेल दुधी होते. असे तेल त्वरित बदलावे. क्लच-चकत्या असलेल्या रचनेत उत्पादकाने सांगितलेलेच तेल घालावे लागते, अन्यथा वळताना चकत्या कचकचतात.

ट्रॅक्टर व मालमोटारी

डिफरन्शियल लॉकचा सर्वांत मोठा वापरकर्ता वर्ग हौशी मोटारचालकांचा नसून शेतकऱ्यांचा आहे. भारतातील बहुतेक ट्रॅक्टरांत चालकाच्या टाचेजवळ लॉकचे पेडल असते. नांगरटीत एक मागील चाक तासात आणि दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर चालते, तेव्हा पकड असमान होते. भाताच्या चिखलणीत तर दोन्ही बाजूंचा भरवसा नसतो. पेडल दाबले की दोन्ही चाके एक होतात आणि ट्रॅक्टर निघतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या चिकण मातीत पावसानंतर या पेडलचे मोल कळते. तासाच्या टोकाला वळण्यापूर्वी पाय काढणे आवश्यक असते. पेडल दाबून ठेवून वळवल्यास ट्रॅक्टर सरळच जातो, आणि बांधावर किंवा विहिरीच्या काठाजवळ ही चूक जीवघेणी ठरू शकते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे स्वतंत्र ब्रेक असल्याने लॉक नसतानाही घसरणारे चाक ब्रेकने आवरता येते. मोटारींतील संगणक आज जे करतो ते ट्रॅक्टरचालक अनेक दशके पायाने करीत आले आहेत.

खाणी व बांधकामावरील टिपरांना दोन मागील अ‍ॅक्सल असतात. त्यांत दोन अ‍ॅक्सलमधील आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवरील चाकांमधील असे वेगवेगळे लॉक असून ते ब्रेकच्याच हवेवर चालतात.

भारतीय वाहने

नाशिक येथील कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्रा थारमध्ये २०१५ पासून मागील अ‍ॅक्सलवर ईटनचे स्वतःहून लागणारे यांत्रिक लॉक मिळू लागले. २०२० च्या नव्या थारमध्ये वरच्या श्रेणीत ते कायम राहिले आणि जोडीला ब्रेकवर आधारित प्रणाली आली. २०२४ च्या थार रॉक्सच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्तीत चालकाने लावायचे विद्युत-लॉक देण्यात आले. आकुर्डी (पुणे) येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनात पुढील व मागील अशा दोन्ही अ‍ॅक्सलना चालकाने स्वतः लावायचे यांत्रिक लॉक असते. भारतीय बाजारात अशी सोय कारखान्यातूनच देणारी वाहने थोडी आहेत. टोयोटा हायलक्सला मागील विद्युत-लॉक आहे. मारुती सुझुकी जिम्नी मात्र केवळ ब्रेकवर आधारित प्रणालीवर विसंबते. हलक्या वजनामुळे तिला ती बऱ्याच अंशी पुरते.